डी राखून ठेवला होता

आमच्या घरातल्या कॉम्प्युटरला एक खोड होती. काम ऐन भरात आलं की त्याच्या पोटात घरघर सुरू व्हायची, माउसचा बाण जागच्या जागी थिजायचा आणि पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात, अगदी खाली, एक पिवळा त्रिकोण उगवायचा. त्रिकोणाच्या डोक्यावर फुगा आणि फुग्यात इंग्रजी मजकूर, की व्हर्च्युअल मेमरी कमी पडते आहे. सोबत एक आवाज, स्टीलच्या वाटीला चमचा लागावा तसा. तो स्वयंपाकघरापर्यंत जायचा आणि लाखोरीच्या वरणाला फोडणी देता देता आई तिथून ओरडायची, "आला का वं तुहा त्रिकोन?" जणू रोजचा पाहुणा. आणि मी अंगात आल्यासारखी टेबलावर हात आपटायची.

बत्तिसाव्या वर्षी आठवणी लिहायला बसणाऱ्या बाईला लोक हसतात. हसू देत. मी पत्रकं लिहिते, पुस्तकं नाही. मागची कित्येक वर्षं माझ्या प्रत्येक पत्रकात एक ओळ असते: 'कागद हरवत नाहीत, हरवले जातात.' मोर्च्यात माईकवरून ती ओळ टाकली की टाळ्या पडतात, आणि समोरच्या कचेरीच्या खिडक्या लागतात. ही ओळ मी कुठून आणली असं मला अजून कुणी विचारलं नाही. घरून आणली. ते लिहिते.

आम्ही तेव्हा भामरागडला होतो. पर्लकोटा नदीवरचा पूल इतका बुटका, की पावसाळ्यात तो आठ आठ दिवस पाण्याखाली जायचा आणि गावाचा रस्ता तुटायचा. म्हणून मीठ, केरोसीन, काड्यापेट्या, तापाच्या गोळ्या, सगळं आधीच भरून ठेवायचं. बाबा आश्रमशाळेत गणित शिकवायचे. मूळचे ते ब्रह्मपुरीकडच्या धानाच्या घरातले. घरात ते तिकडची झाडीबोली बोलायचे आणि ओसरीवर कुणी आलं की एकदम पुस्तकी. गावात घरी कॉम्प्युटर असणारे ते बहुधा एकटेच. माझा चुलतभाऊ दिनूदादा बल्लारपूरला सुटे भाग आणून कॉम्प्युटर जोडून द्यायचा, त्यानंच तो जोडला आणि बसवायला स्वतः आला. समोरच्या खोलीत टेबल, टेबलावर आईनं विणलेलं झाकण, चपला बाहेर. दसऱ्याला त्या डब्याला हळदकुंकू लागायचं आणि झेंडूचं फूल पंख्याच्या जाळीत अडकायचं.

जाताना दिनूदादानं बाबांना पडदा दाखवून सांगितलं, "काका, हा सी आन् हा डी. समदं काम सी मंदी करा. डी राखून ठेवा, कधीमधी कामी पडन." तो एवढंच म्हणाला. पण ऐकणारा माणूस धानाच्या घरातला. आमच्या आजोबांच्या घरी बांबूच्या विणलेल्या, शेणानं लिंपलेल्या ढोल्या असायच्या. खायच्या धानाची ढोली वेगळी, बियाण्याची वेगळी. बियाण्याच्या ढोलीला आजोबांशिवाय कुणी हात लावायचा नाही. एका वर्षी घरात चूल पेटायची पंचाईत होती, तेव्हा माझ्या आत्यानं त्यातला पसाभर धान काढला. आजोबांनी तिला तीन दिवस अंगणात, कुत्र्याच्या भांड्याशेजारी जेवायला बसवलं. ही गोष्ट बाबा आम्हाला अभिमानानं सांगायचे. तर बाबांच्या लेखी डी म्हणजे बियाण्याची ढोली झाला. "तिकडं क्लिक नाही करायचं," त्यांनी मला बजावलं, आणि मी तीन वर्षं केलं नाही. कॉम्प्युटरमध्ये जे जे आलं, शाळेचे पेपर, माझी गाणी, चुलतबहीण सुमनताईच्या लग्नाचा दोन तासांचा व्हिडिओ, ते सगळं सी मध्ये, त्यातही डेस्कटॉपवर, कारण तिथं ठेवलं की समोर दिसायचं. पडद्यावरचं निसर्गचित्र कधीच बुजून गेलं होतं.

मग त्रिकोण यायला लागला. आम्ही काय काय केलं ते सांगितलं तर आजची पोरं हसून लोळतील. डब्याचं झाकण काढून त्याच्या तोंडाशी टेबलफॅन लावला. एकदा आईनं ओला पंचा डब्यावर टाकला, ताप उतरवतात तसा. पडद्यावर रिकाम्या जागी जाऊन एफ फाइव्ह दहा-दहा वेळा दाबायची, बंद करून चालू करायची, खिडक्या एकेक मिटायची. थोडा वेळ बरं वाटायचं, परत घरघर. शेवटी एकच इलाज उरला होता, काहीतरी काढून टाकायचं. काय काढायचं ते मी ठरवायची. सतरा वर्षांची होते. घरात तेवढीच एक सत्ता माझ्याकडे होती आणि मी ती पुरेपूर वापरायची.

त्या उन्हाळ्यात वनहक्काचे दावे भरायचे होते. पाड्यापाड्यावरच्या लोकांच्या समित्या झाल्या होत्या, पण टाइप करून द्यायला कुणी नव्हतं. लोक बाबांकडे आले आणि बाबा छाती काढून हो म्हणाले. काम मात्र माझ्यावर आलं. लोक पहाटे निघून, दोन-तीन तास चालून, ऊन चढायच्या आत आमच्या ओसरीवर येऊन बसायचे. खुर्ची बाबांची. ते खाली. आई त्यांना पाणी द्यायची, पण अॅल्युमिनियमच्या दोन पेल्यांत, जे घरात कधी यायचे नाहीत, तुळशीमागच्या विटेवर उपडे असायचे. त्यांनी आणलेली चारोळी, मोहाची फुलं, टेंभरं मात्र सरळ आत जायची. आणि मी आतून ओरडायची, "मेमरी कमी आहे, उद्या या." खरं तर कितीदा त्रिकोण आलेलाही नसायचा. मला गाणं ऐकायचं असायचं. माणसं उठायची आणि आली तेवढंच चालत परत जायची. आज एखादा बाबू खिडकीतून 'सर्व्हर डाऊन, उद्या या' म्हणतो तेव्हा मी काउंटरवर मूठ आपटते. तो आवाज मला ओळखता येतो. माझाच आहे.

त्या लोकांत रैनी होती. माडिया गोंड बाई, माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठी, नवरा तापात गेलेला, चौथीपर्यंत शिकलेली म्हणून मराठी येणारी. मी तिला नुसतं रैनी म्हणायची, अगं-तुगं करायची. तिचा दावा होता पाड्याखालच्या उतारावरच्या धानाच्या तुकड्यावर. तो तुकडा तिच्या घराच्या हातात पिढ्यान्‌पिढ्या होता, कागदावर मात्र जंगल. दावा मंजूर झाला नाही तर तिथं वनखात्याचं रोपवन येणार, सागाचे खड्डे पडणार, हे तिला पक्कं माहीत होतं. पुरावा काय? पट्टा नाही, पावती नाही. पुरावा म्हणजे दगड. त्यांच्यात मेलेल्या माणसासाठी उभा दगड पुरतात, आणि तसे दगड त्या तुकड्याच्या बांधाला ओळीनं उभे होते. कुठला दगड कुणाचा हे सांगता आलं, की माणसं तिथं किती काळ राहिली, राबली, मेली ते आपोआप कळत होतं. नियमात होतं की दावेदाराखेरीज दुसऱ्या कुणा म्हाताऱ्या माणसाचा जबाब पुरावा धरता येतो. आणि सगळ्या दगडांची नावं ओळीनं सांगणारं पाड्यात एकच माणूस उरलं होतं, रैनीची शेजारीण आणि तिच्या सासरच्या भावकीतली म्हातारी, जुरी.

जुरीबाई आली ती हातात काठी, पाठीला बाक, कानात पितळी बाळ्यांची रांग. तिला मराठी अजिबात येत नव्हतं. येताना तिनं द्रोणभर चारोळीच्या बिया आणल्या होत्या. बाबांचा मोबाइल मी ओसरीच्या पायरीवर ठेवला, रेकॉर्डिंग चालू केलं, आणि म्हणाले, "हं, बोल म्हणा तिला." जुरीनं आधी द्रोण ओतला. एकेक बी उचलून ओसरीवर मांडायला लागली. एक ओळ, मग तिला काटकोनात दुसरी. तो तिचा नकाशा होता. मग पहिल्या बीवर बोट ठेवून गोंडीत बोलायला लागली, आणि रैनी मागोमाग मराठीत.

"हा डोबीचा दगड. डोबी म्हंजे जुरीच्या सासऱ्याचा बाप. वाघानं धरला होता. त्याचा दगड आनाले सोळा मानसं लागली म्हन्ते."

"सोळा नको सांगू, पुढचं सांग," मी म्हणाले.

"हा लालसूचा. हा कोमटीचा, त्यानं हे बांध घातले. हा लहान हाय नं, हा पोरीचा. जुरीची पोरगी. तिचं नाव नव्हतं ठेवलं अजून."

बोट पुढच्या बीवर. दोन तास. जुरी कुठं अडली नाही, कुठं मागं आली नाही. संपलं तेव्हा तिनं माझ्याकडे बघितलं, परीक्षा देऊन मूल मास्तरांकडे बघतं तसं. मी मोबाइल उचलून आत गेले. मागून खराट्याचा आवाज आला. आई ओसरी झाडत होती. "किती कचरा करून ठेवला बाई या लोकायनं," ती म्हणाली. दोन्ही ओळी पायरीखाली गेल्या, तिथं कोंबड्या होत्या. जुरी अजून फाटकातच होती. तिनं ते बघितलं.

ते बोलणं ऐकून टाइप करायचं, छापायचं, जुरीचा अंगठा घ्यायचा, एवढंच काम होतं. मोबाइलमधला आवाज कॉम्प्युटरवर जसाच्या तसा वाजत नव्हता, एका प्रोग्रॅममधून तो बदलून घ्यावा लागायचा आणि मग ती फाइल फुगून डोंगराएवढी व्हायची. ते मी केलं. मोबाइलमधलं लगेच पुसलं, कारण कार्डावर गाणी भरायची होती. आणि मग अकरा दिवस ती फाइल डेस्कटॉपवर पडून राहिली. सहा ओळी टाइप झाल्या होत्या. बाकी 'उद्या'.

बाराव्या दिवशी, शुक्रवारी दुपारी, बाबा नुकत्याच उघडलेल्या शाळेतून घाईघाईनं आले. "साहेब लोक सोमवारी पाहनीले येऊन राह्यले. फाइल तयार पाहिजे. नकाशे, फोटो, समदं." मी फोटो स्कॅन करायला घेतले. दोन फोटो झाले आणि घरघर, त्रिकोण, टुंग. तिसरा फोटो अर्ध्यावर काळा पडला. बाबा मागे उभे. "काऊन थांबला?"

"जागा नाही, बाबा. काहीतरी काढावं लागेल."

"मंग काढ नं. पन माह्या शाळेचे पेपर काढजो नोको. आनि सुमनच्या लग्नाचं काढशीन तं तुही आई रडन."

ते हात धुवायला गेले. मी फाइली आकारानं लावल्या, मोठी सगळ्यात वर. पहिली सुमनताईचं लग्न. दुसरी जुरी. त्याखाली माझी गाणी.

इथं मी स्वतःला सवलत देणार नाही. मला माहीत होतं. ती फाइल कशाची, ते टाइप झालेलं नाही, दुसरीकडं कुठं नाही, सगळं माहीत होतं. पुढं वर्षानुवर्षं मी स्वतःला सांगितलं की चुकून झालं, पोरवय होतं. खोटं. मी विचार केला, आणि विचार असा होता, की परत बोलावून घेऊ म्हातारीला, या लोकांना काय, चालतच यायचं आहे. गाणी परत मिळवायची तर आल्लापल्लीला जावं लागलं असतं. मी जुरीवर क्लिक केलं, पुसलं, रिसायकल बिनही रिकामी केली. कागद चुरगळल्याचा तो छोटा आवाज आला. आणि खरी गंमत ही, की अर्ध्या तासानं त्रिकोण परत आला.

सोमवारचे साहेब शनिवारीच आले. नदीला वरून पाणी येतंय, पूल बुडायच्या आत आटपू, असा निरोप सकाळी आला आणि दुपारी जीप दारात. मला जुरीला बोलवायला एक दिवसही मिळाला नाही. बाबांना सांगायचं धाडस झालं नाही. फाइल छातीशी धरून मी जीपमध्ये मागे बसले.

पाड्यावर शाळेच्या प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. लोक मोहाखाली उभे. रैनीनं धुतलेलं लुगडं नेसलं होतं, जुरीच्या डोक्याला तेल होतं. साहेब भला दिसणारा माणूस, रुमालानं मान पुसत पानं उलटत होता. नकाशा, ठराव, फोटो. मग थांबला. "यादीत ज्येष्ठाचा जबाब लिहिलाय. कुठं आहे?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं. बाबांच्या त्या बघण्याला मी आयुष्यभर भ्यायले. मी म्हणाले, "म्हातारीनं जबाब दिला नाही."

रैनीची मान गर्रकन वळली. "दिला नं, सरू! दोन घंटे बोलली. तूच तं मोबाइल ठेवला होता."

"तिला नीट सांगता येत नाही," मी साहेबांना म्हणाले, बाबांकडे बघत. "मराठी येत नाही तिला. काही समजण्यासारखं नव्हतंच, तर लिहिणार काय?"

माझा आवाज स्वच्छ होता. शाळेत वक्तृत्वाचं बक्षीस मिळालेला आवाज. जुरीनं रैनीचा पदर ओढला, काय म्हणते ती पोरगी, असं विचारलं असणार. रैनी तिच्या कानाशी काहीतरी बोलली. जुरीचा चेहरा बदलला. काठी टेकत ती तरातरा उताराकडे निघाली, पहिल्या दगडाला हात लावला आणि मोठ्यानं बोलायला लागली. डोबी. लालसू. कोमटी.

"काय म्हणते?" साहेबांनी विचारलं.

"दगडांशी बोलते, सर," त्यांच्या सोबतचा कारकून म्हणाला. मग हात तोंडाशी धरून त्यानं आवाज दिला, "काय म्हंते आजी दगडं? आपल्याले बी सांग नं!" सगळे हसले. साहेब हसले, बाबा साहेबांकडे बघून हसले, आणि मी हसले. मी सगळ्यांत उशिरा थांबले.

आज तो कायदा मला पाठ आहे. तिथल्या तिथं तिचं बोलणं लिहून घेता येत होतं. रैनी सांगायला होती, पंच होते, कागद होता. एकानंही पेनचं टोपण काढलं नाही. मी हे भाषणात सांगते तेव्हा लोक 'शेम शेम' ओरडतात. एक पेन माझ्या हातात होतं, हे मी भाषणात सांगत नाही. साहेबांनी आभाळ बघितलं, घड्याळ बघितलं, 'जबाब उपलब्ध नाही' असा शेरा मारला आणि जीप निघाली. वळणावरून मागे बघितलं तर जुरी दुसऱ्या ओळीत पोचली होती. कुणी ऐकत नव्हतं तरी.

पोळ्याच्या सुमारास कागद आला, पुराव्याअभावी दावा अमान्य. बाबा म्हणाले, "या लोकायचं असंच राह्यते. ऐन वक्ताले बोलत नाईत." आई तांदूळ निवडत होती. मीही निवडायला बसले.

दिवाळीत दिनूदादा आला. लाडू खात खात त्यानं कॉम्प्युटर चालू केला, त्रिकोण आला, आणि तो फिस्सकन हसला. माय कॉम्प्युटरवर उजवं बटण, प्रॉपर्टीज, अॅडव्हान्स्ड, परफॉर्मन्स. "पाह्य, मशीनची सोताची मेमरी पुरली नाई का ते डिस्कवरची जागा उसनी घेऊन काम चालवते. तुमचा सी भरून फुटून राह्यला, त्याले पाय ठेवाले जागा नाई. मी आता त्याले सांगतो का ही जागा डीवर घे." दोन आकडे टाइप केले, ओके दाबलं, मशीन बंद करून चालू केली. लाडू संपायच्या आत काम झालं. घरघर थांबली. त्या दिवसापासून त्रिकोण पुन्हा आला नाही.

"पन डी मंदी तं सामान असन," बाबा म्हणाले.

"कायचं सामान?" दिनूदादानं डीवर दोनदा क्लिक केलं. पांढरी खिडकी उघडली. त्यात काही नव्हतं. एकही फाइल नाही. "तीन साल झाले, काका. तुम्ही यात काहीच नाई ठेवलं? सीच्या तिप्पट जागा हाय इथी!"

"तू म्हनला होता, राखून ठेवा."

"अजी, राखून म्हंजे... आता काय सांगू तुमाले." तो हसत हसत खाली बसला. आई हसली. बाबासुद्धा कसनुसं हसले. त्या पांढऱ्या खिडकीत सुमनताईची पाच-पन्नास लग्नं मावली असती. मी परसात गेले. तुळशीमागच्या विटेवर दोन पेले उपडे होते. मी ते उचलून कोंबड्यांच्या खुराड्याकडे भिरकावले. आईनं संध्याकाळच्या आत शोधून, घासून, जागेवर ठेवले.

होळी झाल्यावर, मोह गळायला लागला तेव्हा, मी सायकल काढली. घरी सांगितलं मैत्रिणीकडे जाते. सगळ्या वाटेवर मोहाचा तो गोडूस, डोकं चढवणारा वास. काय बोलायचं ते पाठ करत गेले. उतारावर पोचले आणि पाय टेकले. खड्डे पडले होते. दोरी लावून आखलेले, एकसारखे, वाफ्यातून, कोमटीनं घातलेल्या बांधांवरून सरळ. दगड तेवढे उभे होते, त्यांच्या दोन्ही बाजूंनी खड्डे. आणि खड्डे खणणाऱ्या बायकांच्या रांगेत रैनी होती. स्वतःच्या शेतात, रोजीनं.

मला बघून ती कुदळ ठेवून आली. तळहातांना चिंध्या बांधलेल्या. पाठ केलेलं सगळं मी विसरले. म्हणाले, "रैनीबाई, जुरीचा आवाज मी पुसला होता. मशीनमध्ये जागा नव्हती, आणि माझी गाणी पुसायची नव्हती म्हणून. मग साहेबांसमोर खोटं बोलले."

"मले मालूम हाय," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"तवापासूनच. तू खोटं बोलत होती तं गुर्जीकडं पाहून राह्यली होती. माह्याकडं नाई पाह्यलं." तिनं चिंधीची गाठ दातानं ओढली. "अन् आज काऊन पहिल्यांदा बाई म्हनून राह्यली मले? आता काय पाहिजे तुले?"

"काही नको. जुरीबाईंना सांगितलं का तुम्ही?"

"काय सांगू तिले? तुहं बोलनं वाया गेलं, एका पोरीच्या गान्यापायी? तिनं मले तवाच इचारलं, पोरगी काय म्हन्ते. मी सांगतलं, तुले मराठी येत नाई म्हन्ते. ते तं तू म्हनलीच होती." रैनीनं दगडांकडे हनुवटीनं दाखवलं. "तवापासून शिकून राह्यली. शाळेतल्या पोट्ट्यायपाशी बसते, मोह देते त्यायले, एकेक वाक्य घोकते. तिले वाटते तिच्या तोंडापायी माही जमीन गेली. आता तू आलीच हाय तं तूच सांग. मी नाई सांगत."

जुरीबाई पहिल्या दगडाच्या सावलीत बसली होती. मला तिनं लांबूनच ओळखलं. काठी धरून उठली, पदर सारखा केला, आणि मी तोंड उघडायच्या आत तिनं दगडावर हात ठेवला. पहिलीतली मुलं पुस्तक वाचतात त्या चालीत, प्रत्येक शब्दावर थांबत, तिनं सुरुवात केली. मराठीत.

"हा. दगड. डोबीचा आहे. डोबी. माझ्या सासऱ्याचा. बाप आहे."

खड्डा ओलांडायला तिला वेळ लागला. मी हात दिला नाही, कारण माझा हात पुढं येईना.

"हा दगड. लालसूचा आहे. हा दगड. कोमटीचा आहे. कोमटीने. बांध. बांधला."

लहान दगडापाशी ती थांबली. ओठ हलले, शब्द सापडेना. मग सापडला. "ही. माझी मुलगी आहे."

दोन्ही ओळी तिनं पूर्ण केल्या. खणणाऱ्या बायका कुदळींवर हात ठेवून बघत होत्या. शेवटच्या दगडावरून हात न काढता ती माझ्याकडे वळली. घाम तिच्या कानाच्या बाळ्यांवरून गळत होता. तिनं विचारलं, आणि हे वाक्य तिनं पोरांकडून वेगळं, खास शिकून घेतलं असणार, "आता बरोबर आहे?"

मी सांगायला आले होते. रैनी चार हातांवर उभी होती, मी काय बोलते ते ऐकत.

"हो," मी म्हणाले. "आता बरोबर आहे."

जुरीबाईचा चेहरा सैल झाला. ती रैनीकडे बघून गोंडीत काहीतरी म्हणाली. रैनी हलली नाही. मी विचारलं, काय म्हणतात. रैनीनं माझ्याकडे बघून सांगितलं.

"म्हन्ते, पोरगी उन्हाची आली, तिले पानी दे."

मग ती गेली आणि स्वतःच्या प्यायच्या तुंब्यातून, स्वतःच्या घरच्या पेल्यात, माझ्यासाठी पाणी घेऊन आली. मी ते प्यायले. सगळं.